घड्याळ कोणाचे? नुंगमबाक्कमची वेधशाळा आणि ऑसिलोस्कोपची पाठ

जानेवारी २०२५ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने एका नियमावलीचा मसुदा सूचनांसाठी प्रसिद्ध केला. विषय होता भारतीय प्रमाणवेळ. कायदा, प्रशासन, बँका, दूरसंचार, वीजवहन अशा साऱ्या व्यवहारांत हीच एक वेळ ग्राह्य धरावी आणि ती दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील (एनपीएल) आण्विक घड्याळांशी जोडलेली असावी, हा त्याचा गाभा. त्यासाठी अहमदाबाद, बंगळूर, भुवनेश्वर, फरिदाबाद आणि गुवाहाटी येथील वैधमापन प्रयोगशाळांतून मिलिसेकंद ते मायक्रोसेकंद इतक्या अचूकतेने वेळ देशभर पोहोचवण्याची योजना एनपीएल आणि इस्रो यांच्या सहकार्याने आखण्यात आली.

प्रत्येकाच्या हातातल्या मोबाइलवर वेळ दिसत असताना हा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. मला त्याचे उत्तर पीएच.डी.च्या काळात, चेन्नईतल्या एका प्रयोगशाळेत, स्वतःच्या चुकीतून मिळाले. आणि त्या चुकीचा अर्थ नीट उमगला तो याच शहरातल्या एका जुन्या वेधशाळेचा इतिहास वाचल्यावर. म्हणून ही थोडी लांबलेली नोंद, विशेषतः प्रयोगशाळेत नव्याने पाऊल ठेवणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी.

तीन आठवड्यांचे म्युऑन

आमचा प्रयोग दिसायला साधा होता. एकावर एक असलेल्या दोन मजल्यांवरील खोल्यांत दोन सिंटिलेशन डिटेक्टर ठेवले होते. वैश्विक किरणांतून येणारा म्युऑन वरच्या डिटेक्टरमधून खालच्यात उतरे. अंतर सुमारे चार मीटर. म्युऑन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने जात असल्याने लागणारा वेळ सुमारे १३ नॅनोसेकंद. प्रत्येक खोलीत एक ऑसिलोस्कोप होता. दोघांनाही एकाच क्षणी सुरू करणारा समाईक स्पंद तारेने दिला जाई आणि मग दोघेही १० मिलिसेकंद नोंद घेत.

तीन आठवड्यांनंतर सरासरी आली साडेएकोणीस नॅनोसेकंद. मी मनाशी म्हटले, जास्तीचे साडेसहा नॅनोसेकंद तारेच्या लांबीमुळे आले असणार. साध्या समाक्ष तारेत विद्युतस्पंदाला दर मीटरला सुमारे पाच नॅनोसेकंद लागतात, त्यामुळे हा तर्क सुसंगतही वाटला. ती संख्या मी वजा केली आणि पुढे गेले. परिषदेसाठी सारांशही पाठवला.

मग एका रात्री लक्षात आले की ही जास्तीची संख्या स्थिर नाही. नोंदीच्या आरंभी आलेले म्युऑन १३ नॅनोसेकंद घेत होते, शेवटी आलेले २६. म्हणजे दहा मिलिसेकंदांच्या अवधीत म्युऑनचा वेग प्रकाशाच्या निम्म्यावर आला होता! शिवाय रात्री वातानुकूलन बंद झाले की हा उतार बदलत होता. मी हे आलेख घेऊन मार्गदर्शकांकडे गेले. सरांनी म्युऑनविषयी काहीच विचारले नाही. त्यांनी एवढेच विचारले, ‘‘घड्याळ कोणाचे आहे?’’

मी म्हणाले, ‘‘दोन्ही ऑसिलोस्कोप रुबिडियमच्या संदर्भ घड्याळाला जोडले आहेत.’’

ते उठले, वरच्या खोलीत आले आणि त्यांनी यंत्राची सेटिंग उघडून दाखवली. मागच्या बाजूला दहा मेगाहर्ट्झचा संदर्भ देणारी तार घट्ट बसवलेली होती. परंतु कोणीतरी यंत्र मूळ स्थितीत आणले होते आणि संदर्भाचा पर्याय ‘अंतर्गत’ यावर जाऊन बसला होता. तार जोडलेली होती, यंत्र तिचे ऐकत नव्हते. दोन घड्याळांच्या चालीत दहा लाखांत सव्वा भागाहून किंचित अधिक फरक होता. दहा मिलिसेकंदांत तो १३ नॅनोसेकंद होतो. सारांश मागे घ्यावा लागला.

चूक केवळ सेटिंगची असती तर मी ती विसरले असते. माझी खरी चूक वेगळी होती. चालीतल्या दोषाला मी स्थिर अंतर समजले आणि वजा करून टाकले. या दोन गोष्टींतला भेद चेन्नईने दोनशे वर्षांपूर्वीच अनुभवला होता.

दगडी खांब आणि पंधरा सेकंद

विल्यम पेट्री या ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्याने १७८६ मध्ये एग्मोर येथे स्वतःची छोटी वेधशाळा उभारली. पुढे ती कंपनीने आपल्याकडे घेतली आणि १७९२ मध्ये नुंगमबाक्कम येथे तिची नवी इमारत उभी राहिली. मायकेल टॉपिंग यांच्या पुढाकारातून झालेल्या या वास्तूत सुमारे दहा टन वजनाचा ग्रॅनाइटचा खांब रोवला होता. वेधयंत्र हलू नये, कोणाच्या पावलांनीही थरथरू नये, एवढाच त्याचा हेतू. हवामान खात्याच्या नुंगमबाक्कम येथील आवारात तो आजही आहे.

वेधशाळेचे पहिले अधिकृत खगोलशास्त्रज्ञ जॉन गोल्डिंगहॅम. त्यांनी गुरूच्या उपग्रहांच्या ग्रहणांचा आधार घेऊन मद्रासचा रेखांश काढला. कल्पना अशी: उपग्रह गुरूच्या छायेत शिरण्याचा क्षण पृथ्वीवर सर्वत्र एकच असतो. तो क्षण मद्रासच्या स्थानिक वेळेनुसार कधी दिसला आणि ग्रीनिचच्या वेळेनुसार कधी, यातला फरक म्हणजेच रेखांश. १८०२ मध्ये निश्चित झालेला आकडा होता ८० अंश १८ मिनिटे ३० सेकंद पूर्व. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटे घेते. त्या हिशेबाने मद्रासचे घड्याळ ग्रीनिचच्या ५ तास २१ मिनिटे १४ सेकंद पुढे. हीच ‘मद्रास वेळ’. त्याच वर्षी विल्यम लॅम्बटन यांनी जवळच्या सेंट थॉमस माउंटपाशी आधाररेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा आरंभ केला आणि त्या सर्वेक्षणाचे रेखांशही याच वेधशाळेपासून मोजले गेले.

हा आकडा बरोबर होता का? उपग्रह छायेत शिरताना एकदम विझत नाही, तो मंद होत जातो. कोणत्या क्षणाला ‘गेला’ म्हणायचे हे दुर्बिणीच्या आकारावर आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यावर ठरते. त्यामुळे या पद्धतीत काही सेकंदांची चूक अटळ होती. पुढे तारयंत्राने रेखांश मोजण्याची पद्धत आली आणि मद्रासचा रेखांश सुमारे ८० अंश १५ मिनिटे ठरला. म्हणजे ५ तास २१ मिनिटे. मद्रास वेळ ग्रीनिचशी ताडून पाहता सुमारे पंधरा सेकंदांनी चुकली होती.

तरीही मद्रासचे घड्याळ वाईट नव्हते, आणि हे समजून घेण्याजोगे आहे. वेधशाळेतले घड्याळ दररोज ताऱ्यांशी ताडले जाई. ठराविक तारा मध्यमंडल ओलांडताना निरीक्षक दुर्बिणीतली तार पाही आणि कानाने लंबकाचे ठोके मोजी. खगोलशास्त्रज्ञ आपल्या वहीत घड्याळाविषयी दोन रकाने ठेवत: एक त्याची ‘चूक’, म्हणजे या क्षणी ते किती पुढे वा मागे आहे; दुसरा त्याची ‘चाल’, म्हणजे दिवसाला ते किती पुढे वा मागे जाते. पंधरा सेकंदांचा दोष पहिल्या प्रकारचा होता. तो वर्षानुवर्षे पंधरा सेकंदच राहिला. त्यामुळे मद्रास वेळेवर चालणारी दोन घड्याळे एकमेकांशी जुळत होती. ग्रीनिचशी न जुळण्याने त्यांच्या परस्पर व्यवहारात काही बिघडत नव्हते. एकदा चूक कळली की ती वजाही करता येत होती. चालीचा दोष मात्र असा वजा होत नाही, तो वाढत जातो. मी माझ्या वहीत हे दोन रकाने वेगळे ठेवले असते, तर तीन आठवडे वाचले असते.

लंबक आणि स्फटिक

इथे थोडे भौतिकशास्त्र. लंबकाची दांडी उन्हाने लांबली की घड्याळ मागे पडते. साध्या पोलादी दांडीच्या बाबतीत तापमान एक अंश वाढले तर दिवसाला सुमारे अर्धा सेकंद. मद्रासच्या हवेत हा क्षुल्लक प्रश्न नव्हता. म्हणून वेधशाळांतील उत्तम घड्याळांत पोलाद आणि पितळ यांच्या दांड्या अशा जोडत की एकीचे प्रसरण दुसरीने भरून निघावे. लंडनच्या जॉन शेल्टन यांनी बनवलेले मद्रास वेधशाळेतील असे एक घड्याळ कोडाईकनालच्या वेधशाळेत जतन केलेले आहे.

आजच्या ऑसिलोस्कोपमध्ये लंबकाच्या जागी क्वार्ट्झचा स्फटिक असतो. तो ठरावीक वारंवारतेने कंप पावतो, त्या कंपनांवरून यंत्राचे नमुने घेण्याचे क्षण ठरतात आणि पडद्यावरचा आडवा अक्ष तयार होतो. तापमानाने स्फटिकाचीही चाल बदलते, म्हणून त्यालाही तापमानाची भरपाई करणारे मंडल जोडतात. तरीही साधारण यंत्रात दहा लाखांत एक-दोन भागांची चूक राहतेच, आणि स्फटिक जुना होईल तशी ती सरकते. दहा लाखांत एक भाग म्हणजे दिवसाला ०.०८६ सेकंद. उत्तम लंबकाचे घड्याळ दिवसाला सेकंदभराच्या आत राही. दोनशे वर्षांच्या प्रगतीनंतर लाखो रुपयांच्या यंत्रातले अंतर्गत घड्याळ त्या लंबकापेक्षा फार तर काही दहापटींनीच सरस आहे, हे लक्षात आले की नम्रता येते.

म्हणूनच यंत्राच्या पाठीवर बाह्य संदर्भासाठी ते छोटे गोल तोंड असते. तिथे रुबिडियम घड्याळातून किंवा उपग्रहांच्या संकेतांनी शिस्त लावलेल्या स्फटिकातून दहा मेगाहर्ट्झचा संकेत देतात. आतले फेज-लॉक्ड लूप नावाचे मंडल आपल्या कंपनांची त्या संकेताशी सतत तुलना करते आणि घसरण दिसली की आपली चाल सुधारते. चांगल्या रुबिडियम घड्याळात चूक दहा हजार कोटींत एक भाग इतकी कमी करता येते.

परंतु या तारेने काय मिळते आणि काय मिळत नाही, हे स्पष्ट हवे. मिळते ती समाईक चाल. नोंद कोणत्या क्षणी सुरू झाली, हे ती तार सांगत नाही. त्यासाठी समाईक स्पंद लागतो आणि तारेतला विलंब स्वतंत्रपणे मोजावा लागतो. शिवाय अगदी अल्पकाळातली थरथर बऱ्याच अंशी आतल्या स्फटिकाचीच राहते. संदर्भाचा संकेतच गोंगाटी असेल तर मापन सुधारण्याऐवजी बिघडूही शकते.

विलंबाचा धडाही मद्रासमध्ये सापडतो. वेधशाळेच्या घड्याळाशी सेंट जॉर्ज किल्ल्यातील तोफ जोडलेली होती; रोज रात्री आठ वाजता ती उडे आणि शहर आपली घड्याळे लावी. किल्ल्यापासून नुंगमबाक्कम सुमारे साडेचार किलोमीटर. ध्वनीला तेवढे अंतर कापायला सुमारे १३ सेकंद लागतात. तोफेच्या आवाजावर घड्याळ लावणारा नुंगमबाक्कमचा रहिवासी किल्ल्याजवळच्या व्यापाऱ्यापेक्षा रोज १३ सेकंद मागे असणार. दोघांची घड्याळे मात्र एकाच चालीने चालणार. आमच्या प्रयोगशाळेतली तार आणि ती तोफ यांच्यात फरक केवळ प्रमाणाचा आहे.

मुंबई ऐकत नव्हती

तारयंत्र आणि रेल्वे आल्यावर मद्रासचे घड्याळ शहराबाहेर पडले. सूर्याच्या हिशेबाने मुंबईची वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे, कलकत्त्याची सुमारे ५ तास ५३ मिनिटे. एकाच रुळावरून समोरासमोर येणाऱ्या गाड्यांची वेळापत्रके दोन घड्याळांवर बेतणे धोक्याचे होते. मद्रास या दोहोंच्या जवळजवळ मध्यावर होती आणि तिथे ताऱ्यांशी ताडलेले घड्याळ होते. त्यामुळे १८७० च्या सुमारास देशातील रेल्वेने मद्रास वेळ स्वीकारली. तारयंत्रावरून तिचा संकेत दूरवर पोहोचू लागला. नुंगमबाक्कमचा लंबक उपखंडभर पसरलेल्या स्थानकांचे बाह्य संदर्भ घड्याळ झाला.

मुंबईने मात्र ही तार जोडून घेतली, पण तिचे ऐकले नाही. १८८१ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी (ज्यांच्या नावाचे महाविद्यालय पुण्यात आहे) सरकारी कचेऱ्यांसाठी मद्रास वेळ लागू केली. कागदावर अर्ध्या तासाचा फरक. लोकांच्या दृष्टीने सूर्याशी असलेला संबंध तोडणारा. राजाबाई मनोऱ्यावरच्या घड्याळाने कोणती वेळ दाखवावी आणि त्याच्या दिवाबत्तीचा खर्च कोणी द्यावा, यावरून विद्यापीठ आणि सरकार यांच्यात वाद झाला. शहरात कुलाब्याची वेधशाळा होती. जहाजांच्या सोयीसाठी तीही वेळ राखत असे आणि केरोपंत छत्रे यांच्यासारख्या गणितज्ञाने तिथे काम केले होते. आपल्याकडे घड्याळ असताना दुसऱ्याचे का मानावे, हा प्रश्न मुंबईकरांना पडला, यात नवल नाही. दोन वर्षांतच तो हुकूम मागे घ्यावा लागला.

१ जानेवारी १९०६ पासून साडेब्याऐंशी अंश रेखांशावर आधारलेली, ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे असलेली भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईचे घड्याळ ३९ मिनिटे पुढे ढकलले गेले. त्याच महिन्यात गिरणी कामगारांनी निषेध केला. त्यांना ३९ मिनिटे लवकर, अंधारात उठून भोंग्याला हजर व्हावे लागणार होते. त्यांच्या दृष्टीने हा खगोलशास्त्राचा नव्हे, झोपेचा आणि श्रमाचा प्रश्न होता. महापालिकेने आपली घड्याळे मुंबई वेळेवरच ठेवली, ती स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे. कलकत्त्यातही जुनी वेळ १९४८ पर्यंत टिकली. एकाच शहरात स्थानकावर एक वेळ आणि पालिकेच्या घड्याळावर दुसरी, अशी स्थिती लोकांनी पिढ्यान् पिढ्या अनुभवली.

या इतिहासाकडे अडाणी विरोध म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. सूर्याची वेळ मुंबईपुरती ‘खरी’ होतीच. समाईक वेळ ही निसर्गाने दिलेली गोष्ट नाही; एकमेकांशी व्यवहार करायचा म्हणून केलेला तो करार आहे. करार लादला गेला की तार जोडलेली राहते आणि घड्याळे आपापल्या चालीने चालतात.

घड्याळ आपले असण्याचा अर्थ

मद्रास वेधशाळेचे खगोलशास्त्रीय काम १८९९ मध्ये कोडाईकनालला गेले. वेळेचे काम मात्र नुंगमबाक्कममध्ये १९३१ पर्यंत चालू होते. आज देशाची वेळ एनपीएलमध्ये सीझियम घड्याळे आणि हायड्रोजन मेसर यांच्या आधारे राखली जाते आणि जागतिक वेळेशी ताडली जाते. ताऱ्यांची जागा अणूने घेतली. साखळी तशीच आहे. अणू, राष्ट्रीय प्रयोगशाळा, उपग्रह किंवा तार, आपले संदर्भ घड्याळ आणि शेवटी पडद्यावरची रेघ.

या साखळीतला एखादा दुवा दुसऱ्याच्या हाती असला तर काय होते, हेही आपण पाहिले आहे. आपल्या दिशादर्शक उपग्रहमालिकेतील आयआरएनएसएस-१ए या उपग्रहावरची तीनही आयात केलेली रुबिडियम घड्याळे बंद पडली. उपग्रह आकाशात होता, बोलतही होता. पण घड्याळाविना तो स्थान सांगू शकत नव्हता. म्हणून २९ मे २०२३ रोजी चेन्नईच्या उत्तरेला असलेल्या श्रीहरिकोट्याहून एनव्हीएस-०१ हा उपग्रह देशात बनवलेले रुबिडियम घड्याळ घेऊन निघाला, तेव्हा ती बातमी माझ्यासाठी केवळ प्रक्षेपणाची नव्हती.

प्रयोगशाळेत काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना यातून चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. संदर्भाची तार जोडली म्हणजे काम झाले असे मानू नका. यंत्र खरोखर बाह्य संदर्भावर आहे का, हे प्रत्येक मापनाआधी पडद्यावर पाहा आणि वहीत लिहा, कारण काही यंत्रे संदर्भ तुटला की गाजावाजा न करता आतल्या स्फटिकावर परततात. यंत्राला संदर्भाचे तोंडच नसेल तर दोन्ही ऑसिलोस्कोपच्या एका रिकाम्या चॅनलवर एकच समाईक संकेत नोंदवा. चालीतला फरक नंतर हिशेबाने काढता येतो. दोष दिसला तर तो नोंदीच्या आरंभी किती आणि शेवटी किती, हे आधी पाहा, आणि मगच काही वजा करा. आणि ‘चूक’ व ‘चाल’ हे दोन रकाने वेगळे ठेवा.

सर्व यंत्रे संदर्भाला जोडून आम्ही तो प्रयोग पुन्हा केला. आरंभीचे आणि शेवटचे म्युऑन आता एकाच वेगाने उतरत होते. तारेतला विलंब वेगळा मोजला; तो एक नॅनोसेकंदाहून कमी निघाला. साडेसहा नॅनोसेकंदांची जी तार मी वजा केली होती, ती कधी अस्तित्वातच नव्हती.

त्यानंतर एका रविवारी मी नुंगमबाक्कमचा तो दगडी खांब पाहून आले. त्यावर आता यंत्र नाही. पण एके काळी मुंबईहून कलकत्त्याला निघालेल्या गाडीचा गार्ड खिशातले घड्याळ काढून जी वेळ पाही, ती इथल्या कोणीतरी रात्री जागून, डोळा दुर्बिणीला लावून आणि कान ठोक्यांकडे देऊन मिळवलेली असे. आपल्या मापनामागेही असे कोणीतरी जागत असते. त्याचे घड्याळ कोणते आणि ते आपण खरोखर ऐकतो आहोत का, एवढे विचारण्याची सवय लागली तरी ही नोंद लिहिल्याचे सार्थक होईल.

तुमच्या प्रयोगशाळेत संदर्भ घड्याळ कोणते आहे? ते उद्या पाहून या आणि खाली जरूर लिहा.